डॉन सिरिलोचं बिलाचं मशीन

५ जून, सोमवार

आज बसच्या टपावरून खोकं उतरलं. नोएलियाने ब्वेनोस आयरेसहून पाठवलेलं बिलाचं मशीन. पडदा, कीबोर्ड, पावतीचा प्रिंटर, लाल उजेडाचा स्कॅनर आणि टिंग करून उघडणारा गल्ला. अख्ख्या पिरायू गावात असं मशीन दुसऱ्या कोणाकडे नाही. (फार्मसीत आहे. पण ते औषधांचं. वेगळी गोष्ट.)

मुलीचं म्हणणं, पपा, आता खिळे-बिजागऱ्यांचा हिशेब आईच्या डोक्यातून बाहेर काढ. रास्त आहे. ब्लासिदाच्या डोक्यात बाकीही बरंच काही साठलेलं असतं, बहुतेक माझ्याविषयी.

ठराव: परवापर्यंत मशीन चालू. माहितीपुस्तक वाचायचं नाही. ते नवशिक्यांसाठी असतं.

ब्लासिदाने विचारलं, परागुआरीच्या टेक्निशियनला बोलावू या का? मी म्हटलं, ज्यांच्या घरात जाणता माणूस नाही ते टेक्निशियन बोलावतात. मी सैन्यात वायरलेस तुकडीत होतो. ती म्हणाली, "तू बॅटरी उचलायचास." बॅटरीशिवाय वायरलेस बोलतं का, हे तिला कोण समजावणार.

६ जून, मंगळवार

पडदा काळा. सगळ्या वायरी जोडल्या तरी काळाच. माझं निदान: प्रवासाचा शीण. एवढ्या लांबून आलंय, माणूससुद्धा दोन दिवस अंग टाकतो. मशीनला विश्रांती दिली. वर चादर घातली.

दुपारनंतर सासूबाई, सारं गाव मानाने 'न्या' म्हणतं त्या न्या देओलिंदा, तेरेरेचा गार काढा नळीने ओढत आल्या. चादरीखाली बघितलं. म्हणाल्या, "जावईबापू, भिंतीवरचं बटण खाली आहे."

बटण वर केलं. मशीन उठलं. म्हणजे तोपर्यंत त्याची विश्रांती पुरी झाली होती. वेळ अचूक साधली मी.

८ जून, गुरुवार

मशीन पासवर्ड मागतं. नोएलियाने कागदावर लिहून पाठवलेला पासवर्ड घातला. चूक म्हणालं. परत घातला. परत चूक. मग जरा जोरात दाबून घातला. मग एकेक अक्षर तोंडाने म्हणत घातला. मशीनने आणखी काही ऐकायला नकार दिला आणि कुलूप लावून घेतलं. अर्जेंटिनात वाढलेलं आहे. मिजास असणारच.

कंपनीच्या मदत-फोनवर लावला. पेर्ला नावाची बाई. आवाज गोड, पण शिक्षण कमी असावं. पहिला प्रश्न, "बंद करून परत चालू केलंत का?" मी म्हटलं, ताई, मी वायरलेसचा माणूस आहे. ती म्हणाली, हो का, मग बंद करून परत चालू करा. केलं. माझ्या मनात आधीपासून तेच होतं.

पुढे म्हणे, कीबोर्डवर कोपऱ्यात हिरवा दिवा लागलाय का? लागला होता. छान दिसत होता. म्हणाली, तो घालवा, त्यामुळे सगळी अक्षरं मोठी उमटताहेत. मी म्हटलं, मोठी अक्षरं जास्त स्पष्ट असतात. मग तिने दिवा घालवून घेतला माझ्याकडून. मशीन उघडलं.

फोन ठेवताना तिला म्हटलं, तुला काही अडलं तर मला फोन कर. "आभारी आहे, डॉन सिरिलो," म्हणाली. भारावली होती.

१० जून, शनिवार

प्रिंटर सुरू. घर्र-घर्र आवाज, कागद सुरेख बाहेर येतो, बरोबर कापलाही जातो. फक्त त्यावर काही उमटत नाही. कोरा.

गिऱ्हाइकांचा खोळंबा करून चालणार नव्हतं. पावत्या कोऱ्याच देत होतो. डॉन रुफिनो गवंड्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, नवीन शाई आहे, उष्णतेने उमटते. असं मी कुठेतरी वाचलंय, निदान ऐकलं तरी आहे. त्याने तिथेच पावती शेगडीवर धरली. ती बघता बघता काळी झाली. पूर्ण काळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी म्हटलं, बघा, उमटलं. जरा जास्त उमटलं.

पेर्लाला फोन. ती म्हणाली, कागदाचं रीळ उलटं बसलंय, चकचकीत बाजू पुढे हवी. काढून सुलटं बसवलं. अक्षरं आली. शाईबद्दल मी तिला काही बोललो नाही. तिला तिच्या कामात कमीपणा वाटायला नको.

१३ जून, मंगळवार

आज फार मोठं काम उरकलं. लिहून ठेवतो, पुढे नोएलियाला दाखवायला होईल.

मशीनमध्ये दुकानातली एकेक वस्तू भरायची असते. खिळे, त्यातही लहान-मोठे, वायसर, तोट्या, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, पत्रे, दोरखंड. ब्लासिदा म्हणाली, महिना जाईल, मी सांगत जाते, तू भरत जा. मी सुरुवातीला कमोडची सीट घेतली, कारण ती समोरच टांगलेली होती. भरली. तेवढ्यात मशीननेच विचारलं: सगळ्या वस्तूंना लागू करायचं का?

लागू कर म्हटलं. हो दाबलं. झालं! महिन्याचं काम एका बोटात. लोक आयुष्यभर एकेक वस्तू भरत बसतात, कारण त्यांना कोणी वाट दाखवत नाही.

ब्लासिदाला सांगितलं. ती वही-पेन घेऊन बसली होती बिचारी. म्हणाली, "इतक्या लवकर?" मी नुसता हसलो.

१४ जून, बुधवार

स्कॅनर उत्तम चालतो. वस्तूवर लाल रेघ पडते, पिक् वाजतं, पडद्यावर नाव येतं. नाव एकच येतं: कमोडची सीट.

खिळे, कमोडची सीट. कुंचला, कमोडची सीट. कोंबड्यांची जाळी, तीही कमोडची सीट. सकाळभर तपासलं. नियमितपणा वाखाणण्यासारखा आहे. चुकलेलं मशीन कधी हे दाखवतं, कधी ते. हे एकदाही डगमगलं नाही. म्हणजे मूळ पाया भक्कम आहे, वरवरचं काही तरी असेल.

दुपारी डॉन रुफिनोची बायको, न्या एर्मेलिंदा, दुकानात वादळासारखी आली. हातात नवऱ्याच्या खिशात सापडलेली पावती. आमच्याकडे संडास परसात, खड्ड्यावर दोन फळ्या, म्हणाली. मग ही सीट कोणाच्या घरी बसवून आलाय माझा नवरा? त्या विधवा शिंपिणीकडे? बोला ना!

मी म्हटलं, बाई, त्याने खिळे नेले. ती म्हणाली, "पुरुषांनी पुरुषांची पाठ राखायची, हे माहीतच आहे मला." मी पुरावा म्हणून तिच्यासमोर एक कुलूप स्कॅन करून दाखवलं. कमोडची सीट. मग तिच्या पिशवीतला साबण स्कॅन केला. मशीनला साबणही सीटच वाटला. ती भांडायचं थांबून मशीनकडे बघत राहिली. मग छातीवर क्रूसाची खूण करून निघून गेली.

एक संसार वाचवला आज. मशीनच्या मदतीने.

१५ जून, गुरुवार

नोएलियाचा फोन. कसं चाललंय मशीन, पपा?

म्हटलं, फर्स्ट क्लास. अख्खं गाव त्याच्याविषयी बोलतंय. (खरं आहे.)

मग म्हणाली, चोवीस तारखेच्या सान हुआनच्या जत्रेला येईन म्हणते. आणि दुकान जर खरंच मार्गी लागलं असेल, तर कदाचित… बघू. वाक्य पुरं केलं नाही.

मी म्हटलं, ये. इथे सगळं आपोआप चालतं. तुला काही करावं लागणार नाही.

पाच नाताळ झाले तिला येऊन. फोन ठेवल्यावर मशीन पुसलं. ब्लासिदाचा सणावाराचा नक्षीदार टेबलक्लॉथ घेतला पुसायला. एरवी तिने माझा जीव घेतला असता. या वेळी नुसतं बघितलं. स्वयंपाकघरात जाऊन तिने उगाच भांडी वाजवली.

ठराव: जत्रेच्या आत सर्व दोष दूर.

१७ जून, शनिवार

जूनची थंडी वाढली. मशीन आपोआप पिक्-पिक् करायला लागलं. कोणी नसताना गल्ला उघडतो, टिंग. न्या देओलिंदा म्हणाल्या, आत आत्मा शिरलाय. मी आधुनिक माणूस आहे. तरी त्यांनी कीबोर्डला लाल फीत बांधली ती सोडली नाही, कारण रंग बरा दिसत होता.

आत्मा नव्हता. मुंग्या होत्या. बाहेर गारठा, मशीन आतून उबदार. कीबोर्डखाली त्यांनी घर केलं होतं, अंडी-पिल्लांसकट.

पेर्ला म्हणाली, बंद करून हळुवार फुंकर मारा. हळुवार काम करायला वेळ कुठे होता. सायकलचा पंप लावला. अर्ध्या मुंग्या बाहेर आल्या, अर्ध्या पुढे प्रिंटरमध्ये सरकल्या. मग मी त्यांना पर्यायी जागा देण्याचं धोरण आखलं. न्या देओलिंदांनी दाराबाहेर गुळाचा खडा ठेवला. मुंग्या रांगेने निघून गेल्या.

धोरण बरोबर असलं की अंमलबजावणी कोणीही करू शकतं.

१९ जून, सोमवार

आज असुन्सिओनहून ट्रक आला. ड्रायव्हरने मागची ताडपत्री सोडली. आत खालपासून वरपर्यंत कमोडच्या सीटा.

मी म्हटलं, भाऊ, दुकान चुकलात. तो म्हणाला, "डॉन सिरिलो तुम्हीच ना? तुमच्या मशीनने मागवलंय."

उलगडा असा झाला. एखादी वस्तू विकली गेली की हे मशीन, नोएलियाने आत आधीच नोंदवलेल्या आमच्या घाऊक व्यापाऱ्याला आपणहून कळवतं, तेवढाच माल परत धाडा. आमच्याकडे गेल्या आठवड्यात कमोडच्या सीटांखेरीज काहीच विकलं गेलं नाही, असं त्याने प्रामाणिकपणे कळवलं. पासवर्ड, कागद, मुंग्या, सगळ्यात रडलं, पण ही एक गोष्ट त्याने कोणी न सांगता केली.

ड्रायव्हर म्हणाला, ऑफिसात तुमचं फार कौतुक आहे. सगळे विचारतात, पिरायूत झालंय काय? पाणी बिघडलंय का?

परत न्या म्हटलं. म्हणाला, संडासाचा माल परत घेत नाहीत, आरोग्याचा नियम आहे. उतरवून गेला. दुकान भरलं, पडवी भरली. उरलेल्या आमच्या पलंगाखाली. ब्लासिदा दारात उभी होती. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "निदान पांढऱ्या आहेत." आणि आत जाऊन पडली.

कौतुक केलं ऑफिसने, हे मी तिला नंतर सांगेन.

२० जून, मंगळवार

मागणी थांबवायला बसलो. पडद्यावर मागणीची पाटी. खाली दोन बटणं. एकावर रद्द, दुसऱ्यावर पुन्हा पाठवा. माझा चष्मा ब्लासिदाच्या उशाशी होता आणि ती झोपली होती. तिला उठवण्याची ही वेळ नव्हती. अंदाजाने दाबलं.

पेर्लाला फोन केला, खात्री करून घ्यायला. तिने तिच्या पडद्यावर बघितलं. मग तिच्या तोंडून एक आवाज आला. खोकला असावा. म्हणाली, "डॉन सिरिलो, मी हात जोडते, भिंतीतून वायर काढा." मी म्हटलं, ही काय तांत्रिक पद्धत झाली? ती म्हणाली, "आज हीच."

वायर ब्लासिदाने उठून येऊन काढली. माझ्याकडे न बघता. दुसऱ्या ट्रकची मागणी मात्र तोवर गेली होती, तो सोमवारी निघणार.

२२ जून, गुरुवार

विक्री-मोहीम. पेचात संधी बघतो तो व्यापारी.

सीटला आरसा लावला की आरशाची चौकट होते. कुंडी मध्ये बसते. पोपट बसू शकतो. न्या देओलिंदांच्या दिवंगत यजमानांचा फोटो एका सीटमध्ये बसवून बघितला, झाकण बंद केलं की धूळ लागत नाही. त्यांनी मला झाडूने मारलं. कल्पना वाईट नव्हती, गिऱ्हाईक चुकीचं होतं.

विकल्या गेल्या: काही नाही. डॉन रुफिनो एक मागायला आला होता, पण बायकोला कळू न देता. देण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी पाई ओविदिओ, आमच्या चर्चचे पाद्री, आले. जत्रेच्या खेळांसाठी काही देणगी देता का? मी म्हटलं, फादर, किती हव्यात? त्यांनी पडवीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "देव कोणत्या रूपाने देईल सांगता येत नाही, सिरिलो."

२४ जून, शनिवार. सान हुआन

पूर्ण विजय!

चर्चच्या पटांगणात लोकच लोक. चरबी माखलेल्या खांबाच्या टोकाला बक्षीस म्हणून सीट. बाटल्यांवर कडी टाकायचा खेळ असतो, तिथे कड्यांऐवजी सीटा. पेटवलेल्या चिंध्यांचा चेंडू लाथाडणारी माणसं ढाल म्हणून सीटा धरून. म्हाताऱ्या थंड पायरीवर सीट टाकून बसल्या होत्या आणि साबुदाण्याच्या पिठाचं म्बेजू खात होत्या. न्या एर्मेलिंदाने पाच बाटल्यांवर पाच सीटा नेमक्या टाकल्या. काय हात आहे! नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. तो घाबरून वाजवत होता, तरी वाजवत होता.

मी कठड्यावर उभा राहून खेळ नीट समजावून देत होतो. दोन सीटा गळ्यात, एक हातात. तेव्हाच बस थांबली आणि नोएलिया उतरली. एक बॅग. वाळलेली दिसली.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "पपा, हे काय?" मी म्हटलं, जाहिरात.

हसायला लागली. हसत हसत खाली बसली, बॅगेवर. मग कधीतरी ते हसणं राहिलं नाही. ब्लासिदा धावत गेली, तिला पोटाशी धरलं. मला वाटलं प्रवासाचा शीण. पण या वेळी तसं म्हणून दाखवलं नाही.

मी गळ्यातल्या सीटा काढल्या. कुठे ठेवाव्या कळेना.

२५ जून, रविवार

सकाळी तिघं अंगणात बसलो. नोएलिया बोलली.

ब्वेनोस आयरेसला ती काम करायची ते दुकान जानेवारीच्या उन्हाळ्यातच बंद पडलं. मालक निघून गेला. हे मशीन म्हणजे तिला मिळालेला शेवटचा पगार. तेव्हापासून ती मैत्रिणीच्या खोलीत राहून मिळेल ते शिवणकाम करत होती, आणि मला फोनवर सांगत होती, सगळं छान आहे. ब्लासिदाला ठाऊक होतं. मी दुपारी झोपलो की दोघी रोज बोलायच्या.

मी विचारलं, रोज? म्हणजे काळी पावती?

ठाऊक.

मुंग्या?

"मुंग्यांचं ऐकलं तेव्हा मी तिकडच्या सिटी बसमध्ये होते, पपा. लोक माझ्याकडे बघायला लागले इतकी हसले."

म्हणजे दुकान मार्गी लागलं म्हणून ती आली नव्हती. विचारलं, मग का आलीस?

जरा वेळ ती तेरेरेच्या नळीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "आई म्हणाली, पपा हल्ली मशीनशी बोलतो. एकटाच. त्याला म्हणतो, नोएलिया यायच्या आत नीट हो बाबा, माझी लाज राख. मग बसवेना तिकडे."

मी म्हटलं, मी असं काही बोललेलो नाही. पासवर्ड मोठ्याने म्हणत असेन.

"बरं," म्हणाली.

ती राहणार आहे. कायमची. या वेळी 'कदाचित' म्हणाली नाही.

तेव्हा, निव्वळ परिणाम बघितला तर, मशीन आलं, आणि मागोमाग मुलगी आली. मदत-फोनवाल्यांना हे कळवायला हवं. त्यांच्याकडे अशी नोंद नसेल.

२६ जून, सोमवार

नोएलियाने माहितीपुस्तक उघडलं आणि आईला शेजारी बसवलं. ब्लासिदा वस्तू सांगत गेली, ती भरत गेली. दुसरा ट्रक तिने फोनवरून अर्ध्या रस्त्यातून माघारी लावला. कसा, ते विचारलं नाही. दुपारपर्यंत खिळ्यांना मशीन खिळे म्हणायला लागलं.

जाता जाता सहज विचारलं, नेमका काय बिघाड होता?

"पपा, मशीनमध्ये काही बिघाड नव्हताच."

म्हणजे मी तो आधीच काढला होता.

संध्याकाळी पेर्लाचा फोन आला. नोएलियाने घेतला. दोघी बराच वेळ हसत होत्या. मला दिला नाही.

ब्लासिदाने माझी खुर्ची दुकानातून उचलून समोरच्या आंब्याखाली ठेवली आहे. म्हणाली, तिथे तुला बरं वाटेल. बसून पाहिलं. तिथून मशीन दिसत नाही. सावली मात्र चांगली आहे.